चार वरांचेर यो

कदंबाच्या स्टँडवर उतरले तेव्हा दीड वाजला होता
आणि राजधानी झोपली होती.
म्हणजे खरोखरच. चपला दाराबाहेर काढून,
शटर गुडघ्यापर्यंत ओढून,
आत पंखा दोनवर ठेवून.

मी इचलकरंजीची.
आमच्याकडे माग थांबला की माणसं दचकून जागी होतात.
इथं सॅकचे बंद चालताना कुरकुरतात
ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

स्टेशनरीवाला म्हणाला, चार वरांचेर यो.
औषधवाला म्हणाला, चार.
मळ्यात जिच्याकडे खोली घेतली होती
त्या केरोबिना बाईंनी खिडकीतूनच चार बोटं दाखवली
आणि शिंपल्यांची झडप लावून घेतली.

तर मग अडीच तास.
नऊ किलो पाठीवर,
जायला कुठंच नाही.

नदीकाठी एक पुतळा आहे:
हात उगारलेला माणूस, खाली कलंडलेली बाई.
संमोहन, म्हणे.
मला वाटलं, यानंच केलं असणार हे सगळं
आणि उठवायचं कसं ते विसरला.

सरकार कुठंतरी असेलच.
एका फाटकाशी पोलीस पेंगत होता,
टोपी गुडघ्यावर, जणू मांजर.
तेवढ्या वेळात हमरस्ता ओलांडला
तो फक्त एका मुंगसानं.
तेही दोन्हीकडे न बघता.

फेरीबोटीला चालत्या माणसाकडून पैसे घेत नाहीत,
म्हणून मी नुसतीच जात-येत राहिले.
तिसऱ्या खेपेला कळलं, आणखी एकजण तेच करतोय.
खामफोन. सॅक माझ्याहून लहान.
गाव व्हिएन्तियान.
तीही राजधानीच, नदीकाठची,
आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीही दुपारची उठत नाही.
तिथल्या शांततेला कंटाळून तो निघाला होता
आणि पोचला होता इथं.

त्याच गावाला जायचं म्हणून
मी सहा वर्षं आर.डी. भरली.
मग बाबांचं डायलिसिस.
हे मी त्याला सांगितलं नाही.
दोघांचं इंग्रजी तेवढ्याला पुरणारं नव्हतं.

त्यानं पिशवीतून उंडो काढला, अर्धा केला.
आमचा लांब असतो, म्हणाला, दंडाएवढा. फ्रेंचांचा.
म्हटलं, आमचा गोल. पोर्तुगीजांचा.
आता माझा कुठला आलाय गोल!
पण बोलून गेले, आणि त्या खेपेपुरती गोव्याची झाले.
पाव कडक होता. पाण्यावर चुरा पडत होता,
मासे वर येऊन बघून जात होते.

आमच्या नदीपलीकडं दुसरा देश दिसतो, तो म्हणाला.
तुमच्या?

मी पाहिलं. धक्का. मासळीच्या पालथ्या टोपल्या.
रॅम्पच्या कडेला एक कुत्रा,
नेहमीचा प्रवासी असल्यासारखा.

बेती, म्हटलं.

बे-ती. त्यानं जपून उच्चारून पाहिलं,
वहीत लिहून घेतलं,
जणू व्हिसा लागणार आहे.

चारला मी परत बाजारात.
शटर एकेक करून वर जात होती,
कुणी घाईत नव्हतं.
तिकडं पाण्यात जुगाराच्या बोटींवर दिवे लागले होते,
ऊन लख्ख असताना.
स्टेशनरीवाल्यानं चेहरा धुतला होता, भांगही पाडला होता.
कितें जाय आशिल्लें?

मला खरंच आठवेना.

पेन असेल, तोच म्हणाला.
बाहेरच्यांना पेनच लागतं.

घेतलं. निळं, दहा रुपयांचं.
अजून त्यानं फारसं काही लिहिलेलं नाही.
तिकिटामागं एक शब्द आहे फक्त,
त्याच्या गावाचं नाव, तो घेतो तसं:
वियांगचान.

सहा वर्षं बँकेत, घरात, बाबांजवळ
मी दुसरंच काहीतरी म्हणत होते.